मारणाऱ्या हाताचा इलाज

माणूस पडतो तेव्हा आपोआप हात टेकतो. त्यामुळे हाड मोडते ते बहुधा मनगटापाशी. पण अंगावर येणारा फटका चुकवण्यासाठी हात डोक्यावर आडवा धरला, तर मोडते ते मनगट आणि कोपर यांच्या मधले, करंगळीच्या बाजूचे हाड. ‘डॉक्टर, ओटीवरून पाय घसरला’ असे बाई सांगत असते आणि तिचा एक्स-रे वेगळेच सांगत असतो.

जिते येथे दवाखाना चालवताना असे हात मी कित्येकदा पाहिले आहेत. आम्ही डॉक्टर टाके घालतो, प्लास्टर करतो, दुखण्याच्या गोळ्या देतो. पाण्यातून रोग पसरत असेल तर विहिरीत औषध टाकायला सांगतो. येथे मात्र रोगाचे मूळ ज्या माणसात आहे तो दवाखान्याच्या बाहेर मोटारसायकलवर बसून वाट पाहत असतो आणि त्याच्याविषयी आम्ही बोलत नाही. आजचा लेख त्याच्याविषयी आहे. मारणारा नवरा सुधारतो का, आणि सुधारला हे ओळखायचे कसे?

माझी चूक

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा एक तरुण होता. त्याच्या बायकोला तिसऱ्यांदा टाके घालावे लागले, तेव्हा मी दोघांना समोरासमोर बसवले. तिला म्हटले, ‘ताई, काय झालं ते न घाबरता सांगा.’ तिने सांगितले. त्याने मान खाली घातली, डोळ्यांत पाणी आणले, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी त्याला दारूवर एक व्याख्यान दिले, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि आपण एक संसार सावरला अशा समाधानात झोपी गेलो.

चौथ्या दिवशी ती आली ती डाव्या हाताचे हाड मोडून. म्हणाली, ‘डॉक्टर, तुमच्यासमोर बोलले ना, त्याचं हे.’

माझा हेतू चांगला होता, इलाज चुकीचा होता. मी तिला त्याच्यासमोर बोलायला लावले. त्याच्या अश्रूंना मी सुधारणा समजलो. आणि सगळा दोष दारूवर टाकून त्याला मोकळा केला. नवऱ्यांना सुधारण्याचे जे प्रयत्न फसतात, ते बहुधा याच तीन चुकांनी फसतात.

दारू कारण की निमित्त?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. म्हणजे आपल्या राज्यात चौघींपैकी एक. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या देशभरात केवळ १४ टक्के होत्या.

याच पाहणीत दारूविषयीची माहिती आहे. नवरा वारंवार पिऊन धुंद होतो अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसली होती. पण नवरा दारूला शिवतही नाही अशा घरांतही हे प्रमाण २३ टक्के होते. याचा अर्थ असा की दारू आगीत तेल ओतते, पण आग दारूने लागलेली नसते. दारू सोडवलीच पाहिजे, मात्र दारू सुटली की मारहाण आपोआप सुटेल असे धरून चालू नये.

‘डॉक्टर, राग आवरत नाही हो,’ असे पुरुष सांगतात. मी विचारतो, ‘शेठ चार माणसांत ओरडतो तेव्हा शेठवर हात उगारतोस का?’ उत्तर येत नाही. शेठसमोर राग आवरतो आणि घरी आवरत नाही, तर तो रागाचा आजार नव्हे. घरी हात उगारला तर कोणी विचारणार नाही, बायकोला धाकात ठेवणे हा आपला हक्कच आहे, ही ती समजूत आहे. समजूत लहानपणापासून शिकलेली असते, म्हणून ती बदलताही येते. पण ती गोळीने बदलत नाही. काही थोड्या पुरुषांत संशयाचा खरा मानसिक आजार असतो. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

आपल्याकडील प्रयत्न

१९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वृत्तपत्रात एक जाहिरात दिली. बायको ही मारण्यासाठी नसते असे मानणारे पुरुष हवेत, असा तिचा आशय होता. दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तर दिले. त्यातूनच १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून पुरुषांशी, पुढे कॉलेजातल्या मुलांशी, या विषयावर बोलत आले. त्यांचा ‘पुरुष स्पंदन’ हा दिवाळी अंक काही वाचकांच्या हाती आला असेल. त्याआधी १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या कार्यालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. पोलिसांच्या छताखाली प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसल्या, त्यामुळे नवऱ्याला बोलावणे गेले की तो येऊ लागला.

आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरांना लागू पडणारे उदाहरण शेजारच्या ठाणे जिल्ह्यातले आहे. तेथील ग्रामीण भागात २०१२ च्या सुमारास एक हजारांहून अधिक तरुण जोडप्यांचा ‘चार्म’ नावाचा प्रयोग झाला. गावात प्रॅक्टिस करणाऱ्या पुरुषांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून नवऱ्यांशी बोलणे करवले. दोन बैठका एकट्या नवऱ्याशी, तिसरी जोडप्याशी. मुख्य विषय कुटुंबनियोजनाचा होता, पण बायकोचे मत घेणे आणि तिच्यावर जबरदस्ती न करणे हेही त्यात होते. दीड वर्षाने विचारले तेव्हा या गटातील स्त्रियांनी लैंगिक जबरदस्तीच्या तक्रारी दुसऱ्या गटाहून कमी सांगितल्या. हा प्रयोग मारहाण करणाऱ्यांसाठी खास नव्हता. तरी गावचा डॉक्टर बोलला तर नवरा ऐकतो, एवढे त्यातून दिसले.

कायद्यातही तरतूद आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी नवऱ्याला समुपदेशनासाठी पाठवू शकतात. नियमांत एक फार शहाणपणाची अट आहे. समुपदेशनात नवऱ्याला मारहाणीचे समर्थन करता येत नाही आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचे असते. पुन्हा हिंसा करणार नाही असे लेखी वचनही त्याच्याकडून घ्यायचे असते. ही अट नीट पाळली तर ‘जेवण वेळेवर नव्हतं’, ‘उलट बोलली’ या चर्चेत तासन् तास जाणार नाहीत.

सुधारणा मोजावी कशी?

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील डुलुथ या गावी १९८१ मध्ये अशा पुरुषांसाठी वर्ग सुरू झाले. पोलीस, न्यायालय, स्त्रियांचे आधारगृह आणि वर्ग यांनी एकमेकांशी बांधून काम करावे, ही त्या गावाची शिकवण. पुढे जगभर असे वर्ग निघाले. अनुभव संमिश्र आहे. अनेक अभ्यासांत परिणाम माफकच दिसला आणि वर्ग मध्येच सोडणारे पुष्कळ निघाले.

इंग्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिराबल’ अभ्यासात मात्र एक वेगळी गोष्ट केली गेली. नवरा काय म्हणतो यावर न थांबता बायकांना विचारले गेले. चांगल्या रीतीने चालवलेल्या वर्गांनंतर प्रत्यक्ष मारहाण पुष्कळच कमी झाल्याचे बायकांनी सांगितले. पण पैशांवर ताबा, पाळत आणि टोमणे हे तितके कमी झाले नव्हते. नवरा मारायचे थांबला तरी बायकोला घरात मोकळेपणाने वागता येतेच असे नाही.

म्हणून नवऱ्याला सुधारण्याचे काम कोणीही करो, संस्था, पोलीस, डॉक्टर किंवा गावची समिती, पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. बायकोला वेगळे, एकटीला भेटले जाते का? तिने सांगितलेले नवऱ्याच्या कानावर जात नाही ना?

२. ती सुरक्षित आहे आणि तिची स्वतःची इच्छा आहे, याची खात्री होण्याआधी दोघांना एकत्र बसवले जात नाही ना?

३. नवऱ्याला ‘मी मारले, ते माझे कृत्य होते’ असे म्हणायला शिकवले जाते, की दारू, सासू, पगार यांच्या नावाने पावती फाडली जाते?

४. काम काही महिने चालते का? एका बैठकीत स्वभाव बदलत नाही. तो येणे बंद करतो तेव्हा बायकोला लगेच कळवले जाते का?

५. मारहाणीबरोबर पैसे, मोबाइल, माहेरी जाणे यांवरील बंदीही विचारली जाते का?

६. दारूचा इलाज वेगळा, पण बरोबरीने चालतो का?

७. शेवटी यश कोणाच्या तोंडून ठरते? नवऱ्याच्या माफीवरून ठरत असेल तर तो हिशेब चुकीचा.

गावात काय करता येईल?

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली. बांधाचे, वाटेचे भांडण मिटवण्यास गावची समिती उपयोगी पडते. पण नवरा-बायकोच्या मारहाणीला बांधाचा तंटा समजू नये. बांधाच्या भांडणात दोन बाजू असतात. येथे एक मारणारा आणि एक मार खाणारी असते. कागदावर दोघांच्या सह्या घेऊन, चहा पिऊन प्रकरण ‘मिटले’ की ती त्याच घरात त्याच रात्री जाते. समितीने तिला आधी एकटीला, शक्यतो दोन जाणत्या स्त्रियांसमवेत भेटावे. तिला हवे असेल तर संरक्षण अधिकाऱ्यांकडे न्यावे. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो. न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हा धाकही इलाजाचाच भाग आहे.

रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर थरथर, झटके, भ्रम होऊ शकतात. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. दारू सोडवण्याच्या गोळ्या नवऱ्याच्या नकळत भाजीत मिसळू नयेत. त्यावर तो प्यायला तर जिवावर बेतू शकते.

येथे थांबू नये

नवऱ्याने गळा दाबला असेल, हत्यार किंवा रॉकेल दाखवले असेल, ‘मारून टाकीन’ अशी धमकी दिली असेल, गरोदरपणी मारले असेल, किंवा ती घर सोडण्याच्या विचारात असल्याचे त्याला कळले असेल, तर समजूत घालण्याची ती वेळ नव्हे. प्रथम तिला आणि मुलांना सुरक्षित जागी हलवावे. ११२ वर पोलिसांना किंवा १८१ या महिला मदत क्रमांकावर कळवावे. गळा दाबल्यावर बाहेर वळ दिसला नाही तरी आत सूज येऊ शकते. आवाज बसला, गिळताना दुखले, चक्कर आली तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

हात उगारणाऱ्या वाचकास

हे तुम्ही वाचत असाल तर एक काम करा. मागच्या वेळी काय झाले ते मनात सांगा, पण वाक्याची सुरुवात ‘तिने’ ने न करता ‘मी’ ने करा. राग चढू लागला, कान तापले, मुठी वळल्या की घराबाहेर पडा. मात्र गुत्त्याकडे जाऊ नका. डॉक्टरांना सांगा. आम्ही हसणार नाही आणि पाठही थोपटणार नाही. मन फार अस्वस्थ असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर बोलता येते. आणि आज बायकोने विश्वास ठेवावा अशी घाई करू नका. विश्वास ठेवायचा की नाही आणि तुमच्यासोबत राहायचे की नाही, हे ठरवणे तिच्या हाती आहे.

त्या चुकीनंतर मी दवाखान्यात एक नियम केला. जखमी स्त्रीशी मी आधी एकटीशी बोलतो आणि जखमांची नोंद नीट लिहून ठेवतो. पुढे काय करायचे ते तिने ठरवायचे. काही वर्षांनी दुसऱ्या एका बाईने संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज केला, आदेश मिळाला, आणि नवरा समुपदेशनाला जाऊ लागला. दारूसाठी तो माझ्याकडेही आठ महिने येत राहिला. ‘डॉक्टर, मी आता सुधारलो,’ हे त्याने मला दुसऱ्याच महिन्यात सांगितले होते. मी ते वहीत लिहिले नाही.

तिला संध्याकाळी छातीत धडधड होत असे. कार्डिओग्राम निर्दोष होता, तरी मी गोळ्या देत होतो. वर्षभराने ती मुलाचा ताप दाखवायला आली तेव्हा सहज म्हणाली, ‘आता गाडीचा आवाज आला की धडधडत नाही. गोळ्या बंद करू का?’ ते मात्र मी तारखेसह लिहून ठेवले.