नियम, निर्णयबुद्धी आणि हेलिकॉप्टर

नियम माणसासाठी की माणूस नियमासाठी, हा आपल्या वादसभांचा जुना विषय. तत्त्वज्ञान हा माझा विशेष विषय असल्याने या प्रश्नाची मला ओढ आहेच. पण त्याची धार मला खरी जाणवली ती हेलिकॉप्टर-उड्डाणाविषयी वाचताना. ज्या प्रश्नावर आपण वर्गात तासभर बोलतो, त्याचे उत्तर वैमानिकाला कधी कधी दोन सेकंदांत द्यावे लागते.

हवेत इंजिन बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. वैमानिकाने डाव्या हाताकडील 'कलेक्टिव्ह' हा दांडा तत्काळ खाली केला, तर पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून येणाऱ्या हवेच्या झोताने पाती फिरत राहतात. याला 'ऑटोरोटेशन' म्हणतात. पण विलंब झाला आणि पात्यांची गती फार मंदावली, तर ती परत मिळत नाही. येथे विचाराला अवकाश नाही. नियम हाताच्या अंगवळणीच पडलेला हवा. पुढच्याच क्षणी मात्र, कोणत्या शेतात उतरावे, विजेच्या तारा कोठे आहेत, हे कोणतीही पुस्तिका सांगू शकत नाही. तेथे निर्णयबुद्धीच हवी.

मग ही बुद्धी नेहमी विश्वासार्ह असते काय? रॉबिन्सन आर-२२ सारख्या दोन पात्यांच्या हेलिकॉप्टरचे नाक एकदम खाली दाबले, तर क्षणभर पात्यांवरील भार नाहीसा होतो आणि यंत्र उजवीकडे कलू लागते. सहजप्रेरणा सांगते, दांडा डावीकडे ने. तसे केल्यास पात्यांचा सांधा मुख्य खांबावर आदळून तो तुटू शकतो. पुस्तिका सांगते, आधी दांडा हळूच मागे घे, पात्यांवर भार येऊ दे, मगच कल सावर. हा नियम अपघातांतून आला. अशा अपघातांनंतर अमेरिकेने १९९५ मध्ये या यंत्रांच्या वैमानिकांसाठी खास प्रशिक्षण सक्तीचे केले. नियम म्हणजे आधीच्यांनी प्राण देऊन साठवलेला अनुभवच नव्हे काय?

२६ जानेवारी २०२० रोजी लॉस एंजेलिसजवळ कॅलाबासस येथे झालेल्या अपघातात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांच्यासह नऊजण मृत्यू पावले. डोळ्यांना बाहेरचे दिसत असेल तरच उडावे, ही त्या उड्डाणाची अट होती. तरीही अनुभवी वैमानिक ढगांत शिरला आणि त्याला दिशाभ्रम झाला. आपण वर चढत आहोत असे तो कळवत होता, तेव्हा यंत्र खाली येत होते. चौकशी मंडळाच्या मते, प्रवाशाला पोहोचवण्याचा त्याने स्वतःवरच घेतलेला ताण हेही बहुधा एक कारण होते. इच्छा बुद्धीचे रूप घेऊन येते, तेव्हा तिला अडवायला बाहेरचा नियमच लागतो.

तरीही नियमाला स्वतःची मर्यादा ठाऊक असते. आणीबाणीत, गरजेपुरता, नियम मोडण्याचा अधिकार अमेरिकी विमान-नियमांनीच वैमानिकाला दिला आहे. मात्र मागितल्यास त्याचा लेखी खुलासा करावा लागतो. १३ मे १९९६ रोजी नेपाळी सैन्याचे मदन खत्री छेत्री यांनी एव्हरेस्टवर सुमारे ६००० मीटर उंचीवरून दोन जखमी गिर्यारोहकांना सोडवले. हवा इतकी विरळ होती की दोघांचे वजन एकदम पेलणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी एकाला खाली पोहोचवले आणि दुसऱ्यासाठी ते पुन्हा वर गेले. साहस केले, पण वजनाचा हिशेब सोडला नाही.

लेस्बॉस बेटावरील गवंडी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकणारी शिशाची पट्टी वापरत, असा दाखला ॲरिस्टॉटलने न्यायाविषयी लिहिताना दिला आहे. पट्टी वाकते, पण मापते. म्हणूनच ती पट्टी राहते. माझ्या मते वैमानिकाची निर्णयबुद्धी अशीच असावी. नियम का केला हे ज्याला पुरते कळले आहे, त्यालाच तो कोठे अपुरा पडतो हे ठरवण्याचा अधिकार आहे. हे परीक्षागृहात, न्यायालयात आणि शासनातही लागू पडावे.