उधारीची यादी : आधी क्रम लावा, मग वसुलीला निघा

आपल्या कापड धंद्यात रोखीपेक्षा उधारीच जास्त. पूर्वी मुनीमजी खतावणी चाळून येणे बाकी काढीत. आता हे काम अनेक पेढ्यांवर संगणकात, एक्सेलमध्ये होते. यादी छापून हातात येते, पण ती कोणत्या क्रमाने लावली आहे हे फार थोडे जण पाहतात. पुष्कळ रकमा बुडतात त्या इथेच.

समजा, यादीत तीन पार्ट्या आहेत. पहिलीकडे २,४०,००० रुपये येणे, मुदत संपून ५ दिवस झाले. दुसरीकडे ६५,०००, मुदत संपून ९५ दिवस. तिसरीकडे ३८,०००, आणि ४१० दिवस. यादी नावांप्रमाणे लावली तर तो शाळेचा हजेरीपट झाला. नाव सापडेल, पैसा कुठे अडकला ते दिसणार नाही. रकमेप्रमाणे लावली तर नजर २,४०,००० वर जाईल आणि वसुलीचा माणूस तिकडेच धावेल. वास्तविक ती पार्टी अजून माल उचलते आहे, देईल. तळाशी राहील ती ३८,००० वाली. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षे आहे. दर महिन्याला तळाशी राहणारी रक्कम ही ३ वर्षे केव्हा ओलांडते, कळतही नाही. म्हणून पहिला क्रम जुनेपणाचा, रक्कम त्यानंतर.

जुनेपणा बिलाच्या तारखेवरून मोजू नये. कोणाला ३० दिवसांची उधारी, कोणाला ९०. त्यासाठी 'देय तारीख' असा वेगळा रकाना करावा. बिलाच्या तारखेत उधारीचे दिवस मिळवले की एक्सेल देय तारीख काढून देते, कारण त्याच्या लेखी तारीख हा एक आकडाच असतो. मग पूर्ण यादी निवडून 'डेटा'मधल्या 'सॉर्ट'मध्ये देय तारखेचा रकाना सांगावा, जुनी तारीख आधी. वसुली दलालांमार्फत होत असेल तर पहिली पातळी दलालाचे नाव आणि दुसरी देय तारीख ठेवावी. प्रत्येक दलालाच्या हाती त्याच्या पार्ट्यांचा कागद देता येतो, आणि "माझ्याकडे काही जुने नाही" हे उत्तर बंद होते.

सर्वात जास्त घोळ तारखांचा. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची, म्हणजे महिना आधी, अशी असेल तर ०५/०४ लिहिल्यावर तो ५ एप्रिल न समजता ४ मे समजतो. आणि २५/०४ लिहिले तर २५ वा महिनाच नसल्याने तो त्याला तारीख न मानता नुसती अक्षरे मानतो. अक्षरे आकड्यांच्या खाली जातात, म्हणजे नेमकी जुनी बिले तळाशी लपतात. ओळखण्याची खूण सोपी : आपण काही बदलले नसेल तर खरी तारीख चौकटीत उजवीकडे टेकते, अक्षरे डावीकडे. सुताच्या काउंटचेही तसेच. '१००एस' असे लिहिले तर ते '२०एस'च्या आधी येते. रकान्यात नुसता आकडा लिहावा.

नावांचा त्रास आपल्याकडे अधिक. इंग्रजीत एकच मोहम्मद कुठे पूर्ण लिहिला जातो, कुठे 'मोहड', कुठे 'एमडी'. एकाच पार्टीची बिले तीन ठिकाणी विखुरतात आणि एकूण येणे कमी दिसते. प्रत्येक पार्टीला कोड नंबर द्यावा, हा उत्तम उपाय.

क्रम लावताना एकच रकाना निवडला तर एक्सेल विचारते की शेजारचे रकानेही सोबत घ्यायचे का. तेथे घाईने नकार दिला तर तारखा हलतात, नावे जागेवरच राहतात. एकाचे बिल दुसऱ्याच्या नावावर. शोभेसाठी मध्ये रिकामा रकाना सोडला असेल तर न विचारताच पलीकडचा भाग मागे राहतो. म्हणून रिकामा रकाना नको, एकूण बेरजेची ओळ यादीपासून एक ओळ सोडून ठेवावी, आणि सुरुवातीला अनुक्रमांकाचा रकाना असावा. त्यावर क्रम लावला की यादी पूर्ववत होते. चालू बाकी दाखवणारा खाते उतारा मात्र असा हलवू नये. त्यातली प्रत्येक बाकी वरच्या ओळीवर उभी असते.

यंत्रमागवाल्यांसाठी एक गोष्ट. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. व्यापाऱ्यांना हा लाभ नाही. कारखानदाराने आपल्या यादीत माल स्वीकारल्याच्या तारखेचा रकाना ठेवावा, कारण दिवस तेथून मोजतात.

खरेदीची यादीही याच पद्धतीने लावावी, पण तेथे क्रम बिलाच्या तारखेचा. पुरवठादाराचे पैसे बिलापासून १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. १५० दिवस ओलांडलेल्या ओळी लाल रंगाने दाखवून तो कागद महिन्यातून एकदा आपल्या कर सल्लागाराकडे पाठवावा.