टोळी निघण्याआधी बोला

बीड जिल्ह्यातल्या तरुण मंडळांचा नेहमीचा प्रश्न असतो, "डॉक्टर, 1 डिसेंबरला एड्स दिनाची फेरी काढू का?" काढा की. पण तोवर दसरा-दिवाळी उलटून मुकादमाच्या गाड्या ऊसतोडीला गेलेल्या असतात आणि ज्यांना सांगायचं ते कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, सांगली-कोल्हापुरात नाहीतर कर्नाटकात, फडावर असतात. घोषणा ऐकायला उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. म्हणून हे काम गणपतीतच करा.

भाषण नको. चार-पाच जण बसा, पोरं पोरांत, मुली मुलींत. आम्ही पांढरा कोट घालून विचारलं की सगळे जमिनीकडे बघतात, तुमच्याशी बोलतील.

एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही, हे आता बहुतेकांना पाठ आहे. त्यात वेळ घालवू नका. निरोधशिवाय धोक्याचा संबंध आला तर 72 तासांच्या आत, खरं तर त्याच दिवशी, सरकारी रुग्णालय गाठायचं; 28 दिवसांच्या गोळ्यांनी लागण टळू शकते, हे सांगा. लागणीनंतर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायची. आणि एचआयव्हीचं औषध रोज घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तसाच दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न ठरवताना दडवादडवी होते ती हे माहीत नसल्यामुळेही.

अंगावरून पांढरं जाणं, जागेवर जखम, यांवर मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नये. उपचार अनेकदा नवरा-बायको दोघांचे लागतात. निरोध वापरा, हे नव्या सुनेने म्हणायचं तर घरात काय होईल, तुम्हाला ठाऊक आहे. ते नवऱ्यांच्या कानावर मंडळातल्या पोरांनीच घालावं.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, चालू असलेल्याने फडावर जाण्याआधी एआरटी केंद्रात सांगावं. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्रातून सोय होऊ शकते. गोळ्यांत खंड पडणं सगळ्यात वाईट.

तपासणीला सोबत जा, पण दारापर्यंतच. आत काय निघालं ते विचारू नका. संमतीशिवाय चाचणी किंवा कुणाचा अहवाल फोडणं 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात बसत नाही. अठराच्या आतल्यांना पालकांची संमती लागते. ओळखीची नर्स नको म्हणून कुणी दुसऱ्या तालुक्याला जात असेल तर जाऊ द्या.

1097 ही हेल्पलाइन मोफत आहे, फडावरूनही लागते. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये भरून द्या, हवं तर खताच्या दुकानाच्या नावाने.