अनामत, गहाण आणि जामीन

शास्त्रपाठ : अनुवाद 24:6, 10-13, प्रेषितांची कृत्ये 17:5-9, फिलेमोन 17-19

सिल्वासाच्या डोकमर्डी भागात खोली शोधणाऱ्या मजुरापुढे पहिली अडचण भाड्याची नसते, डिपॉझिटची असते. धाग्याच्या किंवा प्लास्टिकच्या कारखान्यात काम मिळाले तरी पगार महिना भरल्यावर येतो. खोलीची चावी मात्र पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही. समजा, भाडे 3000 रुपये आहे. दोन महिन्यांची अनामत 6000 आणि चालू महिन्याचे आगाऊ भाडे 3000, म्हणजे एकदम 9000 रुपये. जो दरमहा 3000 रुपये वेळेवर देऊ शकेल, त्यालाच हे 9000 एका दिवसात उभे करता येत नाहीत. मग तो व्याजाने पैसे काढतो, किंवा ठेकेदार म्हणतो, "मी भरतो, तू कामावर ये." हा दुसरा मार्ग दिसायला दयेचा आहे. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे काम करायचे नाही अशी अट तिला जोडली, की ती वेठबिगारी झाली. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे बंधन रद्द ठरवले आहे. कायद्यात रद्द झाले म्हणून व्यवहारातून गेले, असे मात्र कोणी समजू नये.

अनामत म्हणजे काय, हे आधी नीट पाहू. ती भाडे नव्हे, बक्षीस नव्हे, घरमालकाची मिळकत तर मुळीच नव्हे. ती गहाण आहे. देणाऱ्याची वस्तू घेणाऱ्याच्या हाती काही काळ राहते, एवढेच. मोशेच्या नियमशास्त्राने गहाण घेण्यास मनाई केलेली नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. धनकोचा हक्क मान्य आहे, परंतु त्या हक्काला कुंपण आहे. जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण त्यावर माणसाचे जगणे चालते. गहाण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे आणि त्याने स्वतः आणून द्यावे. गरिबाचे पांघरूण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे. घराचा उंबरठा, पोटाचे साधन आणि रात्रीची ऊब या तीन ठिकाणी धनकोचा हात थांबतो.

हे नियम हवेतले नव्हते. 1960 साली इस्राएलच्या किनाऱ्यावर, याव्हने-याम जवळच्या एका जुन्या किल्ल्यात, शाईने लिहिलेले खापर सापडले. ते इ.स. पूर्व सातव्या शतकातले आहे. कापणी करणारा एक मजूर अधिकाऱ्याकडे दाद मागतो, की ठरलेले काम पुरे करूनही आपले वस्त्र काढून नेले आणि परत दिले नाही. सोबतचे मजूर साक्ष देतील. खोली सोडताना "रंगाचे कापले, लाईटचे कापले" असे ऐकून रिकाम्या हाताने निघालेल्या माणसाला ही तक्रार समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्या देशात या कुंपणाचे आजचे रूप म्हणजे 2021 साली केंद्र सरकारने मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा. राहण्याच्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, करार लेखी असावा, आणि जागेचा ताबा परत घेतेवेळी रास्त कपात करून अनामत परत द्यावी, असे तो सांगतो. हा नमुना आहे. ज्या त्या राज्याने तो स्वीकारावा लागतो. दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव या आपल्या संघप्रदेशासाठी त्याच धर्तीचा विनियम काढण्यास केंद्रीय गृहखात्याने 2023 मध्ये संमती दिली. परंतु दोन महिन्यांची मर्यादा पाळली तरी वरच्या हिशेबातले 9000 रुपये तसेच राहतात! कायदा मर्यादा घालू शकतो, पण रिकाम्या खिशात पैसे घालीत नाही.

येथे जामीन हा विषय येतो. नीतिसूत्रांत जामीन राहण्याविरुद्ध वारंवार इशारा आहे (6:1-5, 11:15, 22:26-27), आणि पुष्कळ विश्वासणारे तेवढ्यावरच पाठ संपवतात. ते सोयीचे आहे खरे! पण ते इशारे उतावळ्या व ऐपतीबाहेरच्या वचनाविरुद्ध आहेत. त्याच पवित्र शास्त्रात यहूदा बन्यामिनासाठी जामीन राहतो. थेस्सलनीकात यासोनाने पौल व सीला यांना घरात घेतले म्हणून लोकांनी त्याला ओढत नेले, आणि नगराच्या अधिकाऱ्यांनी त्याच्याकडून जामीन घेऊन त्याला सोडले. आणि पौल फिलेमोनाला काय लिहितो? अनेसिमाचे काही देणे असेल तर ते माझ्या हिशेबी मांड. मी ते फेडीन, हे मी स्वहस्ते लिहीत आहे. फिलेमोनाचे नुकसान झालेच नसेल असे पौल म्हणत नाही. ज्याचे येणे आहे त्याच्या बाजूचाही तो विचार करतो. चार खोल्या बांधून त्यांच्या भाड्यावर म्हातारपण काढणाऱ्या घरमालकाचे भाडे बुडाले तर त्याचीही चूल अडते.

विलायतेत हीच कल्पना नगर परिषदांनी व्यवहारात आणली आहे. बेघर होण्याच्या बेतात असलेल्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबासाठी तेथील अनेक परिषदा खाजगी घरमालकाला अनामत भरून देतात, किंवा रोख रकमेऐवजी लेखी हमी देतात: भाडे थकले वा मोडतोड झाली, तर इतक्या रकमेपर्यंत आम्ही देऊ. शिवाय इंग्लंडात एप्रिल 2007 पासून अनामत मान्यताप्राप्त योजनेखाली सुरक्षित करणे मालकाला बंधनकारक आहे, आणि जून 2019 पासून सर्वसाधारण घरांना ती पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. आपल्याकडे घरकुलासाठी सरकारी मदत मिळते. भाड्याच्या खोलीची हमी घेण्याची रीत आपल्या नगरपालिकांत रुळलेली नाही. ती मागणी जरूर करावी. तोवर मंडळीला, कामगारांच्या मंडळाला किंवा बचत गटाला हात बांधून बसण्याचे कारण नाही.

मंडळीने ठराव करून 30,000 रुपयांचा निधी वेगळ्या खात्यात, दोघांच्या सहीने ठेवला, तर प्रत्येकी 6000 प्रमाणे पाच कुटुंबांची हमी एका वेळी घेता येते. पैसे कोणाच्या हाती द्यायचे नाहीत; मालकाला पत्र द्यायचे, त्यात रक्कम आणि मुदत स्पष्ट लिहायची. भाडेकरूने दरमहा 500 रुपये बाजूला टाकले तर बारा महिन्यांत त्याची स्वतःची अनामत तयार होते आणि ती हमी दुसऱ्यासाठी मोकळी होते. पाळकांनी किंवा एखाद्या पंचाने एकट्याने सही करू नये. नीतिसूत्रांचा इशारा नेमका तेथेच लागू पडतो. ही हमी फक्त आपल्या यादीतल्या नावांना द्यावी काय? माझ्या मते नाही. अनुवादात निवाड्याचा हक्क परक्यालाही आहे (24:17).

खोलीत शिरण्याच्या दिवशी मालक व भाडेकरू दोघांनी मिळून एक कागद करावा: पंखा चालतो की नाही, नळ, कडी-कोयंडा, भिंतीची ओल, आणि विजेच्या मीटरचा आकडा. मोबाईलवर फोटो काढावा, दोघांच्या सह्या घ्याव्यात, एकेक प्रत दोघांनी ठेवावी. खोली सोडताना तोच कागद पुढे ठेवावा. मीटरचा आकडा लिहायला मात्र विसरू नये. भांडणे बहुधा तेथूनच सुरू होतात.