डिस्क लेथवर चढवण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या गाड्यांचे हाल तऱ्हेतऱ्हेचे. पावसाळ्यात पांदण रस्त्यांची काळी माती, वणीकडे कोळशाची धूळ, पांढरकवड्याला हैदराबाद हायवेवर भरल्या गाडीचा वेग. गॅरेजात ब्रेकची तक्रार बारा महिने असते आणि बहुतेकदा ती सोबत निदान घेऊनच येते: "भाऊ, ब्रेक दाबला का स्टेरिंग थरथरते. डिस्क कापून द्या."

१. उन्हाला दोष देऊ नये.
मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की गिऱ्हाईक म्हणते, उन्हाने डिस्क वाकडी झाली. गाडीची डिस्क बिडाची असते. पुसद-वाशीम रस्त्यावरचा खंडाळा घाट उतरताना ती २०० अंशांच्या वर तापू शकते, मग आपल्या उन्हाने तिचे काय बिघडणार? बहुतेक वेळा ती वाकलेली नसतेच, तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरकसुद्धा पेडलवरच्या पायाला कळतो.

२. खरा चोर हबवर बसलेला असतो.
माझ्या मते या कामाचा अर्धा भाग इथेच आहे आणि घाईत नेमका हाच सोडला जातो. डिस्क ज्या सपाट तोंडावर टेकते, त्या हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा धरतो. समजा, एका बाजूला तो फक्त ०.०५ मिमी आहे. हबचे तोंड १४० मिमी व्यासाचे आणि पॅड घासतात तो पट्टा २४० मिमीचा धरला, तर पट्ट्यावर तोच फरक ०.०८ च्या पुढे जातो. बऱ्याच गाड्यांत चालणारी मर्यादा ०.०५ च्या आसपास, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्मी. अशी तिरकी बसलेली डिस्क पहिल्या दिवशी काहीच सांगत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती पॅडला एकाच जागी चाटत राहते, तिथे झिजते, आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. तोवर मागचे काम कोणाच्या लक्षातही नसते. मग पुन्हा लेथ, पुन्हा तोच हब, पुन्हा तीच तक्रार. म्हणून डिस्क उतरली की आधी तारेच्या ब्रशने हबचे तोंड आणि प्रत्येक स्टडची मुळे घासायची. डिस्कची आतली बाजूही तशीच. मग डिस्क बसवून, नट आवळून डायल गेज लावायचा आणि पट्ट्यावरचा हा फरक मोजायचा.

३. मोजल्याशिवाय कापू नये.
किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, गंज पुसला की आकडा दिसतो. मायक्रोमीटरने सहा-आठ ठिकाणी मोजावे. व्हर्निअर इथे फसवतो, कारण झिजलेल्या डिस्कच्या कडेला उंचवटा राहतो आणि त्याचे जबडे त्यावरच टेकतात. समजा किमान १८ लिहिले आहे आणि डिस्क १८.३ भरली. दोन्ही बाजू साफ करता करता ती १८ च्या खाली जाईल, किंवा पुढच्या पॅडच्या जोडीआधीच संपेल. तिथे कापण्याची मजुरी घेणे मला पटत नाही. नवी डिस्क घालावी आणि तीही दोन्ही चाकांना.

४. उतरवताना हातोडा शेवटी.
चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम नको, स्टँड लावायचाच. कॅलिपर सुटला की तो तारेने स्प्रिंगला बांधायचा. रबरी नळीवर लटकला तर नळी आतून फाटते आणि बाहेरून काही दिसत नाही. २०१९ नंतरच्या गाड्यांत एबीएसच्या सेन्सरची वायरही जवळच असते, तिला ताण नको. डिस्क हबला चिकटली असेल तर आधी तिच्यात आट्यांची दोन भोके आहेत का ते पाहावे, साधारण ८ मिमीच्या बोल्टची. दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ती आपोआप सुटते. काही जुन्या गाड्यांत मात्र डिस्क हबला मागून बोल्टने धरलेली असते; तिथे आधी बेअरिंग सोडवावे लागते, वेळ आणि पैसे दोन्ही वाढतात.

५. लेथवाल्याजवळ उभे राहावे.
डिस्क बाहेरच्या कडेने चकमध्ये धरली तर काम वाया. ती मधल्या भोकावर आणि हबला टेकणाऱ्या तोंडावरच बसायला हवी. हवेच्या खाचांत वाळलेली काळी माती राहिली तर वजन एका बाजूला जाते, म्हणून ती आधी खरवडून काढायची. काप बारीक घ्यायचे. शेवटी पॉलिश पेपर फिरवून टूलची चक्राकार रेघ मोडायची, नाहीतर पॅड त्या रेघेवर सरकतात आणि टकटक आवाज येतो. त्यानंतर साबणाच्या पाण्याने धुवायचे. नुसत्या पेट्रोलच्या फडक्याने बिडाची बारीक भुकटी निघत नाही. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेलही असेच काढायचे.

६. नट एअर गनने नको.
हायवेवर पंक्चर काढताना गनने एकेक नट ठोकून आवळतात. ताण असमान पडून डिस्क पुन्हा तिरकी होऊ शकते. समोरासमोरचे नट, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, छोट्या गाड्यांना साधारण १०० न्यूटन-मीटर.

७. चावी देण्याआधी पेडल.
पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइल वर येते, टाकी भरलेली असेल तर आधी थोडे काढून घ्यावे. सगळे जोडल्यावर पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहायचे, नाहीतर पहिला ब्रेक जमिनीला टेकतो. मग मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून २० पर्यंत आठ-दहा वेळा हलके ब्रेक, गाडी पूर्ण न थांबवता. लगेच वॉशिंगला नेऊन तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारू नये.

८. मोटारसायकलची डिस्क लेथवर नेऊच नये.
ती पोलादी, जेमतेम चार-पाच मिलिमीटरची. किमान जाडी तिच्यावरही लिहिलेली असते. तिथवर आली की बदलायची.