सीजीपीए म्हणजे नुसती सरासरी नव्हे

प्रश्न : पहिल्या सत्रात माझा एसजीपीए ८ होता, दुसऱ्यात ७. दोन्ही सत्रांत मेहनत सारखीच केली. मग सीजीपीए ७.५ऐवजी ७.४५ कसा? सत्रे अनुक्रमे २० आणि २४ क्रेडिटची होती.

उत्तर : गुणपत्रिका बरोबर आहे. या पद्धतीत सत्रे नव्हे, क्रेडिट मोजतात. यूजीसीच्या दहा गुणांच्या श्रेणीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८ असे ग्रेड पॉइंट मिळतात, प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणायचा आणि बेरजेला एकूण क्रेडिटनी भागायचे. तुमचे १६० अधिक १६८ म्हणजे ३२८, भागिले ४४. मेहनत सारखी असेलही, पण क्रेडिट कामाच्या तासांवरून ठरतात, आणि चार क्रेडिटच्या विषयाला दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकाइतकेच वजन देणे हा मोठा अन्याय ठरेल. श्रेणी ढोबळ असते, ही तक्रार मात्र मला पटते: एकाच पट्ट्यातले काठावरचे आणि वरचे गुण सारखेच धरले जातात. टक्केवारीसाठी सरसकट ९.५ने गुणू नका. तो गुणक सीबीएसईच्या दहावीसाठी होता; तुमच्या विद्यापीठाचे सूत्र परीक्षा विभागाकडून लेखी घ्या.