चावी गरम का लागते?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या वर्षी तिला 'जादा ठिणगी'ची लाल कॉइल, पुढे दोन फॉग लॅम्प आणि नवे म्युझिक बसवून घेतले. गावात, सपाटीला गाडी छान चालते. पण पावसाळ्यात पन्हाळ्याचा चढ लागला आणि धुक्यामुळे लॅम्प लावले की दहा मिनिटांत मिसिंग सुरू होते, मग बंदच पडते. अर्धा तास थांबलो की पुन्हा चालू. प्लग आणि त्यांच्या वायरी बदलल्या, कार्बुरेटर दोनदा साफ केला. मिस्त्री म्हणतात, पेट्रोलमध्ये पाणी असेल. सहज म्हणून लिहितो : बंद पडल्यावर काढलेली चावी हाताला चांगली गरम लागते. याचा काही संबंध असेल का?
— एक वाचक, गडमुडशिंगी

उत्तर : तुम्ही 'सहज' म्हणून जे लिहिले, तिथूनच सुरुवात करू. पेट्रोलात पाणी असते, तर चावी कशाला तापली असती?

चावीमागच्या स्विचमध्ये पितळेचे छोटे संपर्क असतात. या गाडीच्या मूळ जोडणीत त्यांच्यावर कॉइलचा बोजा माफकच. आता हिशेब करा. ५५ वॅटचे दोन लॅम्प १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर ओढतात. तुमच्या लक्षणांवरून वाटते की ते रिलेशिवाय, थेट स्विचच्या वायरीला जोडले आहेत. त्यात ती लाल कॉइल. पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या गाडीची कॉइल सुमारे ३ ओहमची असते, म्हणजे पॉइंट मिटलेले असताना ४ अँपिअर. 'जादा ठिणगी'च्या अनेक कॉइल १.५ ओहमच्या, म्हणजे थेट ८. पॉइंट उघडझाप करतात म्हणून सरासरी ५ धरली, तरी लॅम्पसकट १४ अँपिअर झाले. इतक्या वर्षांच्या झिजलेल्या स्विचमध्ये ०.१ ओहम अडथळा असला, तर तिथे २० वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. चावी गरम लागणार नाही तर काय!

शिवाय त्या अडथळ्यापायी जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जिरतो. संपर्क तापून काळे पडतात, अडथळा वाढतो, आणि कॉइलपर्यंत पोचणारा करंट आणखी घटतो. थांबलात की सगळे निवते, म्हणून अर्ध्या तासाने गाडी शहाण्यासारखी चालू होते.

पण मग नेमकी चढावरच का? अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, आणि दाबाखाली प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. अशक्त कॉइल सपाटीला कशीबशी निभावून नेते, चढाला उघडी पडते. आपले जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात. चार्ल्स केटरिंग यांच्या अमेरिकेतल्या डेटनच्या कंपनीचे ते नाव. १९१०च्या सुमारास कॅडिलॅकमध्ये आलेली त्यांची पॉइंट-कॉइलची रचना तुमच्या पद्मिनीतही तशीच आहे. चार सिलिंडरच्या इंजिनाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. एवढ्या कामाला उपाशी कॉइल पुरणार नाही.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. मल्टीमीटर व्होल्टवर ठेवा, लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळे कॉइलच्या पॉझिटिव्हवर. इंजिन चालू करा आणि आकडा पाहा. तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. मग लॅम्प लावा. आकडा उडी मारून दीड-दोनवर गेला, तर चोर सापडला. नाहीच हलला, तर माझा तर्क चुकला आणि पुढचा संशय तापल्यावर दगा देणाऱ्या कंडेन्सरवर घ्या. (इंजिन बंद असताना चावी 'ऑन' ठेवून मोजत बसू नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल भाजून निघते.) मग कॉइलच्या दोन्ही वायरी काढून तिच्या दोन छोट्या टोकांमधले ओहम घ्या. त्याआधी मीटरची टोके एकमेकांना टेकवून जो आकडा येईल, तो वजा करा, नाहीतर १.५ आणि ३ची गल्लत व्हायची.

उपाय फार खर्चाचा नाही. लॅम्पना रिले लावा आणि वायर बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून आणा. फ्यूज बॅटरीजवळच असू द्या, लॅम्पजवळ नको, कारण मधली वायर घासून शॉर्ट झाली तर तो कामाला येत नाही. कॉइल १.५ ओहमची निघाली, तर तितक्याच ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर मध्ये घाला किंवा जुनी कॉइल परत बसवा. मी जुनीच बसवेन. तापून गेलेला स्विच बदला. डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढून पॉइंटही पाहा. ८ अँपिअरने त्यांची तोंडे निळसर, खडबडीत झाली असतील, तर कंडेन्सरसकट नवे घाला आणि फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवा.

एवढे झाले की पन्हाळ्याच्या चढाला लॅम्प लावून जा, आणि वर पोचल्यावर चावी हातात धरून पाहा.